धान्यातलं विष प्रकाशाने मोजताना

१९७१ च्या सप्टेंबरपासून इराकच्या बसरा बंदरात गव्हाची आणि बार्लीची पोती उतरू लागली. दुष्काळाने तिथली पिकं हातची गेली होती, म्हणून सरकारने गव्हाच्या मेक्सिपाक या भरघोस उतारा देणाऱ्या जातीचं आणि बार्लीचं बियाणं परदेशातून मागवलं होतं. गहू सुमारे ७३,००० टन आणि बार्ली सुमारे २२,००० टन. हे सगळं पेरणीसाठी होतं, खाण्यासाठी नव्हतं. जमिनीत बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथिल पाऱ्याचं बुरशीनाशक चोळलेलं होतं, आणि ते पटकन ओळखू यावं म्हणून दाण्यांना गुलाबी-लाल रंग दिला होता. पोत्यांवर धोक्याची सूचना छापलेली होती, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. अरबी आणि कुर्दी बोलणाऱ्या शेतकऱ्यांना ती वाचता येणं शक्यच नव्हतं.

बियाणं गावोगाव पोहोचेपर्यंत बऱ्याच भागांत पेरण्या उरकल्या होत्या. घरात धान्य नाही आणि दारात गव्हाची पोती, अशी स्थिती. बायकांनी गहू धुतला. रंग पाण्यात उतरला, दाणे स्वच्छ दिसू लागले, आणि रंगाबरोबर औषधही गेलं असं सर्वांना वाटलं. काहींनी आधी कोंबड्यांना दाणे घालून पाहिले; दोन-चार दिवसांत कोंबड्यांना काही झालं नाही. मग त्या गव्हाच्या रोट्या भाजल्या गेल्या आणि घरातल्या लहानथोरांनी त्या आठवडेच्या आठवडे खाल्ल्या.

रंग पाण्यात विरघळणारा होता. मिथिल पारा मात्र दाण्यातच राहिला होता. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे कोंबड्यांवरची परीक्षाही फसवी ठरली. डिसेंबरच्या शेवटी हातापायांना मुंग्या येणारी, चालताना झोकांड्या जाणारी, नजरेचा परीघ आक्रसत चाललेली माणसं इस्पितळांत येऊ लागली. १९७२ च्या मार्चअखेर इस्पितळांत दाखल झालेल्यांचा आकडा ६,५३० वर गेला. त्यांतले ४५९ जण दगावले. जे घरीच मरण पावले ते या हिशेबात नाहीत.

आजार कशाचा हे बगदादच्या डॉक्टरांना लवकरच कळलं. इराकमध्ये पारा लावलेल्या बियाण्याने १९५६ आणि १९६० मध्येही विषबाधा झाली होती. आता खरा प्रश्न होता तो किती, हा. पिठात किती, रक्तात किती, आईच्या दुधात किती, आणि किती झालं म्हणजे माणूस आजारी पडतो? या प्रश्नाचं उत्तर प्रकाशाने दिलं. ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. धान्यातल्या बुरशीनाशकांचा माग काढण्याच्या पुष्कळशा पद्धती त्याच तत्त्वावर उभ्या आहेत.

तत्त्व जुनं आहे. पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये दाखवून दिलं की पारदर्शक पदार्थातून प्रकाश जाताना सारख्या जाडीचा प्रत्येक थर त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा शोषून घेतो. पहिल्या थराने निम्मा शोषला, तर दुसरा उरलेल्याचा निम्मा शोषतो, तिसरा त्याच्या निम्मा. योहान लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये त्याला गणिती रूप दिलं. ऑगस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये त्यात शेवटचा आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दुवा जोडला. थराची जाडी वाढवली काय किंवा द्रावणातल्या पदार्थाचं प्रमाण वाढवलं काय, परिणाम एकच, कारण वाटेत आडवे येणारे रेणू मोजले जातात. आत गेलेला प्रकाश आणि बाहेर आलेला प्रकाश यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेतला की शोषणाचा आकडा मिळतो. प्रकाशाचा दहावा हिस्सा पार झाला तर हा आकडा १, शंभरावा झाला तर २. पातळ द्रावणात हा आकडा पदार्थाच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढत जातो, आणि सरळ रेषा हाती आली की मोजमाप आलंच.

दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. कुठलाही पदार्थ सगळाच प्रकाश सारखा शोषत नाही. प्रत्येकाचे ठरलेले रंग असतात. सुटे अणू तर याबाबतीत कमालीचे काटेकोर. गुस्टाव्ह किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये उलगडून दाखवलं की तापलेला वायू ज्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो, नेमक्या त्याच रंगाचा प्रकाश तो थंड असताना शोषून घेतो. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघांचं कोडं त्यातून सुटलं. शेतमालाच्या तपासणीत हा नियम उपयोगी पडायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सीएसआयआरओ या संस्थेत काम करणाऱ्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणूंच्या शोषणावरून धातू मोजण्याची पद्धत मांडली आणि रसायनाच्या प्रयोगशाळांचा चेहराच बदलला.

बहुतेक धातूंचे अणू सुटे करायला दोन हजार अंशांच्या वरची ज्योत लागते. पारा याला अपवाद आहे. खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ होते आणि त्या वाफेत एकेकटे अणू असतात. त्यामुळे पाऱ्यासाठी ज्योतीची गरजच उरत नाही. डब्ल्यू. रोनाल्ड हॅच आणि वेलंड ऑट यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत त्यावरच बेतलेली आहे. नमुना आम्लात पूर्ण विरघळवायचा, त्यात स्टॅनस क्लोराइड घालायचं. ते पाऱ्याच्या क्षारांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा मूळ धातू करतं. मग द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडायचे. पाऱ्याची वाफ हवेबरोबर वर येते आणि एका लांबट नळीत जाते. नळीच्या दोन्ही टोकांना क्वार्ट्झच्या खिडक्या असतात, कारण इथे लागणारा अतिनील प्रकाश साध्या काचेतून जात नाही. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारं उपकरण.

आणि दिवा कशाचा? पाऱ्याचाच. पाऱ्याच्या दिव्यातून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील किरण निघतो. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही मुळात हाच किरण तयार होतो. काचेला आतून लावलेली पावडर त्याचा पांढरा उजेड करते. हा किरण नळीतून जाताना तिथे पाऱ्याचे अणू असले तर ते तो अडवतात. जस्त, लोखंड, मँगनीज यांचे अणू त्याला ओळखतही नाहीत. एका पाऱ्याने सोडलेला प्रकाश दुसऱ्या पाऱ्याने टिपायचा, आणि जितका कमी पडेल तितका पारा नमुन्यात आहे असं समजायचं. नॅनोग्रॅमच्या घरातला, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाएवढा पारा अशा रीतीने हाती लागतो. मापनशास्त्रात इतकी देखणी कल्पना मला तरी क्वचितच भेटली आहे.

इराकसाठी मात्र आणखी एक अडचण होती. नुसता पारा किती हे कळून भागणार नव्हतं. मिथिल पारा मेंदूपर्यंत पोहोचतो, साधे क्षार तितकेसे पोहोचत नाहीत. म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजायला हवे होते. इंग्लंडमध्ये कार्शाल्टनला वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विषशास्त्र विभागात काम करणाऱ्या लास्लो मागोश यांनी त्याची युक्ती काढली, आणि ती प्रसिद्ध झाली नेमकी १९७१ मध्ये, ज्या वर्षी बसऱ्याला जहाजं लागली त्याच वर्षी. कार्बनला घट्ट बांधलेला मिथिल पारा एकट्या स्टॅनस क्लोराइडला दाद देत नाही. त्यात कॅडमियम क्लोराइड मिसळलं की मात्र तो बंध तुटतो. म्हणजे आधी एकटं स्टॅनस क्लोराइड वापरून साधा पारा मोजायचा, मग कॅडमियमसह वापरून एकूण पारा मोजायचा, आणि वजाबाकी केली की मिथिल पारा उरतो. नमुना तासन् तास आम्लात शिजवण्याची गरज नाही. रक्त किंवा पीठ जसं असेल तसं घेऊन काही मिनिटांत आकडा येतो. हजारो रुग्ण दारात असताना ही काही मिनिटं केवढी मोलाची होती!

गव्हाच्या नमुन्यांत किलोमागे सरासरी ८ मिलिग्रॅमच्या आसपास पारा निघाला. हा आकडा केवढा? दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या रोट्या खाल्ल्या असं धरलं तर पोटात गेला २.४ मिलिग्रॅम. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७२ मध्ये प्रौढ माणसासाठी मिथिल पाऱ्याची जी मर्यादा घातली, ती आठवड्याला ०.२ मिलिग्रॅम होती. बारा आठवड्यांची कमाल मात्रा ती माणसं एका दिवसात खात होती.

बगदाद विद्यापीठाचे फरहान बकीर आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे थॉमस क्लार्कसन यांनी मिळून हे सगळं मोजमाप १९७३ मध्ये सायन्स या साप्ताहिकात मांडलं. त्यातला केसांचा भाग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. केस तयार होत असताना रक्तातला मिथिल पारा त्यात बसतो आणि मग तिथून हलत नाही. केसातलं प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट असतं. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे लांब केस असलेल्या बाईची एक बट मुळाकडून सेंटीमीटर-सेंटीमीटरने कापत गेलं आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासला, तर कोणत्या महिन्यात तिच्या शरीरात किती पारा होता हे ओळीने कळतं. रोटी कधी सुरू झाली, कधी थांबली, शरीरातून पारा निघून जायला किती वेळ लागला, हे सगळं त्यात दिसतं. रक्तातला पारा निम्म्यावर यायला सरासरी ६५ दिवस लागतात, असं इराकी रुग्णांच्या मोजमापांतून निघालं.

बालरोगतज्ज्ञ लमान अमीन-झकी यांनी गरोदरपणी तो गहू खाल्लेल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. आईला जेमतेम मुंग्या आलेल्या, आणि मूल मात्र उशिरा बोलणारं, उशिरा चालणारं, असं वारंवार दिसलं. बाळ पोटात असताना आईच्या शरीरात किती पारा होता, हे तिच्या केसावरूनच सांगता आलं. पुढे अशा ८१ आया-मुलांच्या आकड्यांवरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये शरीराच्या किलोभर वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम ही मिथिल पाऱ्याची सुरक्षित मात्रा ठरवली. गरोदर बाईने कोणता मासा किती खावा, याचे सल्ले ज्या हिशेबावर पुढे दिले गेले, त्याच्या पायाशी इराकच्या खेड्यांतल्या बायकांचे केस होते. त्यांनी याची फार मोठी किंमत मोजली, हे विसरून तो आकडा वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

बियाण्यावरचा मिथिल पारा स्वीडनने याआधीच, १९६६ मध्ये, बंद केला होता, कारण तिथले पक्षी मरत होते. भारतात मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे पाऱ्याचं दुसरं बुरशीनाशक उसाच्या बेण्यासाठी आणि बटाट्यासाठी बराच काळ वापरात राहिलं. त्यावर बंदी आली ती २०१८ मध्ये.

पाऱ्याची जागा ज्यांनी घेतली त्यांत डायथायोकार्बामेट हा गट मोठा आहे: थायरम, झायरम, फरबॅम, झायनेब, मॅनेब, मॅन्कोझेब. या कुळाचा जन्म रबराच्या कारखान्यातला. थायरम हे रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून वापरलं जाणारं रसायन. ते बुरशीही मारतं हे ड्यूपाँट कंपनीच्या लोकांच्या लक्षात आलं आणि १९३४ मध्ये त्याचं पेटंट झालं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला थायरम नवीन नाही. ज्वारीला काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक, आणि सोयाबीन, भुईमूग, गहू यांना किलोला ३ ग्रॅम थायरम, ही बीजप्रक्रिया कृषी खात्याच्या पत्रकांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. पाऱ्याच्या मानाने हे औषध पुष्कळच सौम्य आहे, आणि बियाण्यापुरतं ते योग्यच. प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ते अन्न, चारा किंवा तेलासाठी वापरू नये असा इशारा छापण्याचं बंधन १९६८ च्या बियाणे नियमांत आहे.

पण उरलेलं बियाणं धान्यात मिसळलं तर काय होतं, ते एकदा मांडून पाहू. ७५ टक्के थायरम असलेली पावडर किलोला ३ ग्रॅम, म्हणजे खरं थायरम सव्वादोन ग्रॅम. त्यातून निघू शकणारा कार्बन डायसल्फाइड सुमारे १.४ ग्रॅम, म्हणजे १,४०० मिलिग्रॅम. खाण्याच्या गव्हात किलोमागे १ मिलिग्रॅम एवढीच मुभा धरली, तर असं एक किलो बियाणं १४ क्विंटल गहू त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. दहा लाखांत एक भाग हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर ४० किलो गव्हातला एकच दाणा. तो हुडकायचा आहे.

तो हुडकण्याची जुनी पद्धत साधी आहे आणि पाहायलाही सुरेख. या गटातल्या प्रत्येक रेणूत कार्बनला दोन गंधक जोडलेले असतात. धान्याचा नमुना गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घेऊन त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पुन्हा तेच स्टॅनस क्लोराइड ओतायचं आणि उकळी आणायची. रेणू फुटतो आणि कार्बन डायसल्फाइड मोकळा होतो. तो ४६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे वाफेच्या रूपाने लगेच वर निघतो. हलक्या ओढीने हवा फ्लास्कमधून जात असते. ती त्याला पुढे नेते. वाटेत लेड ॲसिटेटची नळी असते. धान्यातल्या प्रथिनांमधून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड तिथे अडतो आणि द्रावण काळं पडतं. पुढच्या नळीत कॉपर ॲसिटेट आणि डायइथेनॉलअमाइन यांचं मद्यार्कातलं फिकट द्रावण. कार्बन डायसल्फाइड तिथे पोहोचला की पिवळी झाक येऊ लागते, आणि बुडबुडा-बुडबुड्याने ती गडद होत जाते. पिवळं दिसण्याचं कारण हे, की तांब्याचं ते संयुग निळा-जांभळा प्रकाश शोषतं. म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर ४३५ नॅनोमीटरवर लावायचा, द्रावण एक सेंटीमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये भरायचं आणि आकडा वाचायचा. याहून कमी प्रमाण पकडायचं असेल तर तांब्याऐवजी मिथेनॉलमधला कॉस्टिक पोटॅश वापरून होणारं झँथेट अतिनील प्रकाशात, ३०२ नॅनोमीटरवर, मोजतात. अतिनील भागात असं सहज मोजणारं उपकरण बेकमन यांच्या कंपनीने १९४१ मध्ये बाजारात आणलं, तोपर्यंत हे काम फार थोड्या प्रयोगशाळांना जमत होतं.

यंत्र आकडा देतंच. तो खरा आहे की नाही हे पाहण्यात तपासनिसाचं कसब असतं. नमुना पोत्याच्या एकाच कोपऱ्यातून घेऊन चालत नाही. टोकदार पोकळ नळी वेगवेगळ्या पोत्यांत खुपसून वरचे, मधले, तळाचे दाणे काढायचे, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. स्वच्छ गव्हात मोजून घातलेलं औषध परत मिळतं का हेही पाहावं लागतं. ७० ते १२० टक्के मिळालं तर पद्धत चालते असं मानतात. भाजीपाल्यात आणखी धोके आहेत. कोबी, मोहरी, कांदा, लसूण यांच्या अंगच्याच गंधकाच्या संयुगांतून कार्बन डायसल्फाइड सुटतो आणि फवारणी नसतानाही आकडा दिसतो. आंबट फळं बारीक वाटली तर उलट होतं. रसातल्या आम्लाने औषध आधीच फुटून जातं. धान्य कोरडं असल्याने या दोन्ही बाबतींत सोयीचं. पण एक सापळा धान्यातही आहे. तपासणाऱ्याने रबराचे हातमोजे घातले किंवा फ्लास्कला रबराचं बूच लावलं, तर रबरातलं थायरमच्या कुळातलं रसायन नमुन्यात उतरू शकतं. हे कूळ रबरातून आलं, हे प्रयोगशाळेला विसरता येत नाही.

या पद्धतीची मोठी मर्यादा अशी, की गटातली सगळी औषधं फुटून शेवटी एकच वायू देतात. थायरम होतं की मॅन्कोझेब, हे पिवळ्या रंगावरून सांगता येत नाही. म्हणूनच जगभरात या गटाची मर्यादा कार्बन डायसल्फाइडच्या हिशेबात लिहिली जाते. रसायनतज्ज्ञांनी त्यावरही वाटा शोधल्या. थायरम आणि झायरम क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात, झायनेब आणि मॅनेब विरघळत नाहीत. त्यामुळे क्लोरोफॉर्मने धुतल्यावर दोन टोळ्या वेगळ्या होतात. झायरममध्ये जस्त असतं, मॅनेबमध्ये मँगनीज, फरबॅममध्ये लोखंड. तेव्हा त्या धातूलाच रंग आणून औषध मोजायचं, हा दुसरा मार्ग. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या दिशेने बरंच काम केलं. धातूचं रंगीत संयुग तयार झालं की त्यात नॅप्थलीन, म्हणजे डांबरगोळीतला पदार्थ, बारीक स्फटिकांच्या रूपात टाकतात. हलवलं की रंग पाण्यातून निघून स्फटिकांवर बसतो. स्फटिक गाळून अगदी थोड्या द्रावकात विरघळवले की मोठ्या भांड्यात पसरलेला रंग चमचाभर द्रवात एकवटतो, आणि एरवी नजरेतून सुटलं असतं ते प्रमाण क्युव्हेटमध्ये स्पष्ट दिसतं. इथे एकच पथ्य कटाक्षाने पाळावं लागतं. गव्हाच्या दाण्यात स्वतःचंच जस्त किलोमागे काही दशक मिलिग्रॅम असतं, आणि झायरमचा अंश त्यापुढे नगण्य. म्हणून क्लोरोफॉर्मने औषध दाण्यापासून आधी वेगळं काढायचं, आणि मगच त्यातल्या जस्ताला रंग आणायचा.